पाटकऱ्याची लेक

आमच्या भागाला कोयनेच्या हादऱ्यांची सवय आहे. भांडी वाजली, पंखा हलला, की माणसं अंगणात येऊन चार गप्पा मारतात आणि परत आत जातात. त्यामुळं सांगलीतल्या त्या कॅन्सर हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर खिडक्यांची तावदानं थरथरली, सलाईनचे स्टँड एकमेकांना बिलगले आणि माझ्या हातातल्या डब्याचं झाकण आपोआप उघडलं, तेव्हा मी शांतपणे म्हणालो, "कोयना."

शेजारच्या बाकावर एक अनुभवी नातेवाईक बसला होता. तो म्हणाला, "कोयना न्हाई. रेश्मा सिस्टर."

आणि ती आली. शपथेवर सांगतो, त्या दिवशी ती दारातून मान वाकवून आत आली. पुढं मला कळलं की तिची उंची पाच फुटांनाही थोडी कमी आहे आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यातली औषधं काढायला तिला स्टूल लागतं. पण त्या दिवशी तिनं मान वाकवली होती, हे मी कोर्टातही सांगेन. तिच्यापुढं माझी नऊ नातेवाईक माणसं मेंढरांसारखी गोळा होऊन जिन्याकडं सरकत होती. ही सगळी एका बोलेरोतून माझ्या आक्काला बघायला आली होती. आजारी माणसाला बघायला गेलं नाही तर आमच्यात पुढच्या तीन पिढ्या बोलणं बंद होतं.

"ह्यात काय आहे?" माझ्या डब्याकडं बोट करून तिनं विचारलं.

"सुकं मटण," मी म्हणालो. "पांढरा रस्सा, तांबडा रस्सा, आणि ज्वारीच्या..."

"लग्न कुणाचं आहे?"

मी झाकण परत दाबलं.

"पेशंटला आत्ता मळमळतंय. तुम्ही तिच्या नाकासमोर तांबडा रस्सा उघडणार. तुम्ही कोण?"

"भाऊ."

"सख्खा?"

"व्हय."

"वाटत नाही," असं म्हणून तिनं डबा काढून घेतला. मी बासष्ट सालच्या युद्धात सापडलेल्या शिपायासारखे हात वर केले. त्या दिवसापासून त्या मजल्यावर माझं नाव 'डबा मामा' पडलं.

हिला एवढा अधिकार कुणी दिला, असा प्रश्न मला पडला. त्याचं उत्तर फलटणकडं होतं. रेश्माचा बाप पाटकरी होता. पाटकरी म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी सांभाळणारा सरकारी माणूस. कोणाच्या रानात किती वेळ पाणी जायचं हे तो ठरवायचा, आणि वेळ संपली की कालव्याचं दार पाडून पाणी बंद करायचा. मग मिशांना तूप लावणारे बागायतदार त्याच्यामागं धावत, "आवं खरात, अजून जरासं! शेवटच्या चार सऱ्या ऱ्हायल्यात!" खरात म्हणायचे, "पाळी संपली." बागायतदार शिव्या द्यायचे, आमदाराचं नाव घ्यायचे, जातीवर जायचे, दिवाळीला फराळ पाठवायचे. खरात फराळ परत पाठवायचे आणि दार पाडायचे. रेश्मा लहानपणी बापाच्या सायकलच्या दांडीवर बसून हे बघत असे. पुढं मिरजेला नर्सिंग शिकली, कॅन्सरच्या डे-केअर वॉर्डला लागली, आणि नळकांडं कालव्याचं असो की सलाईनचं, माणसं तीच असतात हे तिच्या लक्षात आलं. कुणाला जास्त सोडून हवं असतं, कुणाला बंद करून हवं असतं, आणि ठरल्याप्रमाणं कुणालाच नको असतं.

तिचा नवरा शिरवळच्या एका कारखान्यात कामाला, शनिवारी घरी येणारा. तिची मुलगी अंकिता बारावीला होती. अंकिता मला एकदा म्हणाली, "मामा, तुम्हाला महिन्यातनं एकदा ओरडते. आमचा विचार करा."

आता आक्काचं सांगतो. माझी थोरली बहीण चंद्राबाई. विट्याच्या पलीकडं एका गावात दिलेली. नवरा हिंदुराव, फौजेतनं हवालदार होऊन पेन्शनीत आलेला. आक्काला छातीत गाठ आहे हे तिनं वर्षभर कुणाला सांगितलं नाही, कारण आधी ऊस लावायचा होता, मग पुतण्याचं लग्न होतं, मग म्हैस व्यायची होती. म्हैस व्याली आणि आक्काची कंबर दुखायला लागली. तपासलं तेव्हा आजार हाडांत गेला होता आणि लिव्हरवरही डाग होते.

डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. डॉक्टर गेल्यावर आम्ही एकमेकांना विचारलं, "काय म्हणाले?" तेव्हा रेश्मा स्टूल ओढून आक्कासमोर बसली.

"आक्का, ह्या आजाराला आता घालवता येणार नाही. तो राहणार. पण त्याला एका जागी बसवून ठेवता येतं. जितके दिवस बसून राहील तितके दिवस आपले."

दाजी खिडकीबाहेर बघायला लागले. आक्का विचार करून म्हणाली, "म्हंजी सासूच की."

रेश्मा हसली. मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा हसताना पाहिलं, आणि तेही लगेच आवरलं तिनं.

"सासूच. मग तिला सांभाळायचं कसं ते ऐका."

सगळ्यांनाच सलाईन लावत नाहीत, हे आम्हाला तेव्हा कळलं. आक्काचा आजार अंगातल्या हार्मोनवर पोसणारा होता. म्हणून तिला एक बारकी गोळी रोज, हार्मोन तोडणारी. आणि एक मोठी गोळी, आजाराच्या पेशींची वाढ अडवणारी. ती तीन आठवडे रोज घ्यायची, एक आठवडा थांबायचं. शिवाय महिन्याला हाडांचं इंजेक्शन. ह्या गोळ्या चालेनाशा झाल्या तर मग सलाईन. मोठ्या गोळीनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून ताप आला की चहाचं आधण ठेवायच्या आधी रेश्माला फोन करायचा. तोंड येईल, जुलाब होतील, थकवा येईल. प्रत्येक गोष्ट सांगायची. "हे कशाला सांगायचं, असं ज्याच्याबद्दल वाटेल ते आधी सांगायचं," ती म्हणाली.

औषधं दाजींच्या फौजी योजनेतून मिळत, त्यामुळं ती काळजी नव्हती. आणि दाजींनी तर गोळीची मोहीमच हातात घेतली. रोज सकाळी न्याहारी झाली की अंगणात परेड. दाजी इस्त्रीचा शर्ट घालून ताठ उभे, एका हातात गोळी, एका हातात तांब्या.

"टॅबलेट!" दाजी ओरडायचे.

आक्का गोळी तोंडात टाकायची.

"पानी!"

आक्का पाणी प्यायची.

"शाब्बास! डिसमिस!"

रिकामी पाकिटं दाजी दर महिन्याला रेश्मापुढं एका रांगेत मांडायचे. एकही गोळी शिल्लक नाही. रेश्मा मान हलवायची. आम्ही खूश.

तीन महिन्यांनी तपासण्या झाल्या. रक्ताचा रिपोर्ट आला तो असा, की कुठल्याही पैलवानानं भिंतीवर लावावा. पांढऱ्या पेशी भरपूर. आधीच्या दोन महिन्यांतही चांगल्याच होत्या, पण ह्या वेळी तर झकास. मी हलवायाकडं जाऊन पेढे आणले. वॉर्डात गेलो तर रेश्मा रिपोर्टकडं अशी बघत होती, जशी घरमालकीण न सांगता आलेल्या पाव्हण्याकडं बघते.

"पेढा घ्या सिस्टर, रिपोर्ट एक नंबर आहे."

"तेच तर," ती म्हणाली. "ह्या गोळीवर तीन महिने काढलेल्या बाईच्या पेशी एवढ्या चांगल्या असत नाहीत सहसा. डॉक्टरांनीही तेच विचारलंय. आणि स्कॅनमध्ये लिव्हरवरचा डाग वाढलाय."

पेढा माझ्या हातात राहिला. 

"वाढलाय म्हणजे?"

"म्हणजे गोळी चालत नाही. नाहीतर गोळी पोटात जात नाही. न चालणारी गोळी बदलून आक्काला सलाईन लावायच्या आधी डॉक्टरांना हे कळायला हवं. तुम्ही बसा तिकडं. पेढे खा."

दाजींची उलटतपासणी सुरू झाली. दाजी सावधानमध्ये उभे.

"गोळी तुम्ही देता?"

"यस सिस्टर."

"गिळताना बघता?"

"पाण्याचा घोट जाताना गळा हालतो. बघतो."

"जिभेखाली बघता?"

दाजी लालबुंद झाले. "सिस्टर, चाळीस वर्सं झाली लग्नाला. पण भर अंगणात बायकोला आ कर म्हणायचं... तसला मानूस न्हाई मी."

रेश्मानं कपाळावर हात मारला. मग आक्काकडं वळली. आक्का पदराशी चाळा करत भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती. रेश्मानं आवाज एकदम मऊ केला. इतका मऊ, की शेजारच्या पेशंटनं घाबरून डोळे उघडले.

"आक्का, जुलाब?"

"न्हाई."

"थकवा?"

"वाईच."

"तोंड आलंय का?"

"मला न्हाई बाई," आक्का म्हणाली. "लीलाला आलंय."

रेश्माचं पेन कागदावरच थांबलं. आक्कालाही आपण काय बोललो हे कळलं, पण तोवर शब्द खाटेवर येऊन बसला होता.

"लीला कोण?" रेश्मानं विचारलं.

लीला म्हणजे लीलाबाई. आक्काच्या समोरच्या घरातली, केरबाची बायको. हिचं आणि आक्काचं तीस वर्षांचं पैऱ्याचं नातं. पैरा म्हणजे आज तुमची बैलं आणि तुमची माणसं माझ्या रानात, उद्या माझी तुमच्या. पैसे नाहीत, हिशेब नाही. नांगरट असो, लावण असो, हळद शिजवणं असो, दोन घरं मिळून एकेकाचं काम उरकतात. उपसा योजनेचं पाणी आलं, ट्रॅक्टर आले, बैलं जाऊन दुधाच्या गाई आल्या, पण ह्या दोघींचा पैरा काही मोडला नाही. पापड, कुरड्या, बाळंतपणं, सगळं पैऱ्यात.

तर लीलाबाईच्याही छातीत गाठ आली. ती तिनं फक्त आक्काला दाखवली. तिची मुलगी प्रियंका लग्नाची, आणि फौजेतल्या एका मुलाची सोयरीक जमत आलेली. आईला असला रोग आहे हे कळलं की पाव्हणे येतात ते वाटेतनंच परत जातात. म्हणून दवाखाना नको, तपासणी नको, केरबालाही सांगायचं नाही. मग आक्कानं काय करावं? गोळी पैऱ्यात घातली. एक दिवस आक्का, एक दिवस लीला. लीलाच्या पाळीच्या दिवशी आक्का गोळी गालात धरायची, तांब्याभर पाणी प्यायची, शाब्बासकी घ्यायची, डिसमिस व्हायची आणि परड्यात जाऊन लीलाबाईच्या हातावर गोळी ठेवायची. लीलाबाई रोज सकाळी ताक न्यायला येते, एवढंच दाजींना दिसत होतं.

"आणि बारकी गोळी?" रेश्मानं विचारलं. तिचा आवाज आता विहिरीतनं आल्यासारखा होता.

"ती कशाला देऊ?" आक्का दुखावली. "मान्साला द्यायचं तर चांगलं द्यावं. बारकी मीच खाती."

मी हसलो. ते चुकलंच. रेश्मानं माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि मी पेढ्यांचा पुडा घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. तिथंही मला आतलं सगळं ऐकू येत होतं. खरं तर खालच्या रिक्षा स्टँडवरही ऐकू येत असणार.

"आक्का, तिला कॅन्सर आहे हे कुणी सांगितलं तुम्हाला? तपासलंय? आणि असला तरी तो तुमच्याच जातीचा कशावरून? काहींना ही गोळी चालतच नाही, त्यांचं औषध वेगळं असतं! आणि तुमचं काय? अर्ध्या गोळीत तुमचा डाग वाढला ना! तुम्हाला मी कशाला बसवून शिकवलं? भिंतीला शिकवलं असतं तर भिंत तरी..."

"ओरडू नगंस," आक्का म्हणाली. "माझ्या हळदीच्या रानात तिनं अंगाची साल काढली. माझ्या बाळंतपनात तिनं माझी भाकरी थापली. आता तिच्या वक्ताला मी एकटीनं गोळी खाऊ? घास उतरंल का मला?"

"मग तिला इथं घेऊन या."

"ती येत न्हाई."

"मग तिला गोळी देऊ नका."

"ते जमायचं न्हाई." आक्कानं पदर खांद्यावर ओढला. "लीला इथं आल्याबिगर मी फुडची गोळी घेनार न्हाई. पुरी बी न्हाई अन् अर्धी बी न्हाई. सांगा तुमच्या डाक्टरला."

झालं. डॉक्टरांनी रेश्माला एक महिना दिला. तेवढ्यात गोळी नीट पोटात गेली तर पुन्हा बघू, नाहीतर सलाईन. आणि आक्का हटून बसली. गोळी नाकारणं म्हणजे हुकूम मोडणं, असं दाजींनी जाहीर केलं. आक्का म्हणाली, "मग कोर्टमार्शल करा." दोन दिवस परेड झाली, पण तोंड उघडलं नाही.

रेश्माला रविवारी सुट्टी असे आणि ती आईला भेटायला फलटणला जात असे. त्या रविवारी ती वाटेत आक्काच्या गावात उतरली. मला तिनं आधीच बजावलं होतं, "कुणाला सांगू नका. मी येईन, लीलाबाईंना बघेन, जाईन." मी कुणालाही सांगितलं नाही. मी फक्त दाजींना सांगितलं, आणि दाजींनी फक्त ग्रामपंचायतीसमोरच्या कट्ट्यावर सांगितलं, की सांगलीच्या मोठ्या दवाखान्यातनं सिस्टर येणार आहे.

रेश्मा एसटीतनं उतरली तेव्हा आक्काच्या अंगणात रांग लागली होती. दाजींनी चुन्यानं रेघ मारून घेतली होती. रांगेत म्हातारे, म्हाताऱ्या, नव्या सुना आणि एक माणूस रेडकू घेऊन उभा होता.

रेश्मानं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं.

"सिस्टर, गुडघा," पहिला म्हातारा म्हणाला.

"मी गुडघ्याची नाही."

"तवा बीपी तरी बघा."

ती बघत सुटली. करणार काय? पट्टा गुंडाळ, फुगव, सोड. दोन माणसांना खरोखर वाढलेलं निघालं. त्यांना तिनं इतकं झापलं, की रांगेतल्या बाकीच्यांचंही वाढलं असणार. एका आजोबांनी दंड पुढं करत विचारलं, "पाव्हणं कुठलं म्हनायचं? आडनाव काय तुमचं?"

"खरात. बीपी बघू की आडनावावर थांबू?"

"बघा बघा," आजोबा गडबडीनं म्हणाले.

केरबाचं बीपी अगदी चांगलं निघालं. "परत बघा," तो हिरमुसून म्हणाला. "माझ्या थोरल्या भावाला हाय."

रेडकू घेऊन आलेल्या माणसाला तिनं हात जोडले. तो म्हणाला, "नुसतं डोळ्यात बघा वाईच." तिनं बघितलं. "पाणी पाजा," ती म्हणाली. तो समाधानानं गेला.

ह्या सगळ्या गोंधळात जिच्यासाठी ती आली होती, ती लीलाबाई रांगेत नव्हती. समोरच्या घराला कडी होती. ऊन डोक्यावर आलं, रांग संपेना, रेश्माचा घसा बसत चालला, आणि दर थोड्या वेळानं आतनं चहा येत होता. सहाव्या कपाला ती वैतागली. "चहा बस करा की आता! कोण करतंय एवढा चहा?" असं म्हणत ती तरातरा स्वयंपाकघरात घुसली.

चुलीपुढं एक बारीक अंगाची बाई बसली होती, कपबशा विसळत. तोंडातल्या फोडांमुळं तिला नीट बोलता येत नव्हतं.

"लीलाबाई?" रेश्मानं विचारलं.

बाईनं मान हलवली. "घरात मानसं आली," ती म्हणाली, "चंद्राला एकटीला आवरंना. म्हनून आले."

पैऱ्यात आलेली.

मी दारात उभा होतो, आक्का उखळाशेजारी बसली होती. मला वाटलं आता कोयना. पण रेश्मा जमिनीवर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि आपल्या फलटणच्या बोलीत म्हणाली, "लीलाबाई, तुमी पैरा करत आलाय ना? मला एक सांगा. पैऱ्यात बैलजोडी फोडत्यात का?"

"म्हंजी?"

"म्हंजी एक बैल तुमच्या रानात, एक आक्कांच्या रानात. एका दिवशी."

लीलाबाई हसली, मग तोंडातल्या फोडांनी कळवळली. "एका बैलानं नांगरट व्हतीय व्हय?"

"तुमी तीन म्हैने तेच केलंसा. एक बैल हिकडं, एक तिकडं. ना तिचं रान नांगरलं, ना तुमचं. तिच्या लिव्हरवरचा डाग वाढलाय, ठाव हाय तुमाला?"

लीलाबाईच्या हातातली बशी पाण्यात पडली. तिनं आक्काकडं पाहिलं. आक्का उखळाकडं बघत होती.

"चंद्रे, तू सांगितलं न्हाईस."

"काय सांगायचं? तू लगीच गोळी बंद केली असतीस."

"मग? करनारच हुते की!"

"म्हनून न्हाई सांगितलं."

आणि तिथंच दोघींचं जे भांडण जुंपलं! तू मला मारायला निघालीस. तूच मरायला निघालीस. तुझ्या पोरीच्या लग्नाला मी नगं का. तू नसलीस तर लगीन कशाला. बाहेरची रांग भिंतीला कान लावून उभी राहिली. रेश्मा मध्ये बसून दोघींच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होती. शेवटी तिनं कपबशीवर चमचा आपटला.

"गप्प! दोघी बी! लीलाबाई, पुढच्या बुधवारी आक्कांचं हाडांचं इंजेक्शन. त्यांना सोबत लागते. तुम्ही सोबतीण म्हणून यायचं. पैऱ्याची सोबत आलीय म्हटल्यावर गावात कोण विचारतंय? तिकडं मी तुमची तपासणी करून घेते. कुणाला कळणार नाही."

"प्रियंकाचे पाव्हणे..."

"तुम्ही आलात म्हणून पाव्हणे परतले तर मला सांगा. मीच जाऊन त्यांचं बीपी बघते."

लीलाबाईनं बराच वेळ बशीत बोट फिरवलं. मग आक्काला म्हणाली, "आजची गोळी घेतलीस?"

"न्हाई."

"घे. आत्ता. माझ्याम्होरं. आन् तोंड उघड, जिभंखाली दाव."

आक्कानं गोळी घेतली. जीभ दाखवली. दारातनं दाजी हे बघत होते. "चाळीस वर्सांत मला न्हाई दावली," ते म्हणाले.

बुधवारी दोघी आल्या. लीलाबाईचं रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी तिच्या कमी झालेल्या. जो रिपोर्ट तीन महिने आक्काचा यायला पाहिजे होता, तो लीलाबाईच्या नावावर आला. रेश्मानं कागद दोनदा उलटासुलटा केला आणि स्वतःशीच म्हणाली, "बघा. औषध चालतं." मग डॉक्टरांनी सुई घालून गाठीचा तुकडा काढला, तो तपासायला गेला, आणि आठ दिवसांनी निकाल आला. कॅन्सर नव्हताच. चरबीची गाठ. मागं कधीतरी म्हशीनं शिंग मारलं होतं, तिथं झालेली.

हे ऐकलं तेव्हा रेश्मा नुसती स्टुलावर बसली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तीन महिने आक्कानं आपलं निम्मं औषध एका धडधाकट बाईला खाऊ घातलं होतं.

"आक्का," ती हळूच म्हणाली, "तिला काहीच झालं नव्हतं."

आक्काचा चेहरा उजळला. तिनं लीलाबाईच्या पाठीवर थाप मारली. "बगितलं? मी म्हनत न्हवते? गोळी लागू पडली!"

"आवं, कॅन्सर नव्हताच!"

"आता न्हाई," आक्का म्हणाली. "गोळीनं गेला."

रेश्मानं वीस मिनिटं समजावलं. चित्र काढून दाखवलं. डॉक्टरांना बोलावलं, त्यांनीही समजावलं. दोघी बायांनी आदरानं मान डोलावली, आणि जिन्यावरनं उतरताना लीलाबाई आक्काला म्हणाली, "तुझ्यामुळं वाचले बग." मी वर पाहिलं. रेश्मा कठड्याला धरून उभी होती. तिनं दोन्ही हातांनी केस धरले होते.

आक्का पुढं पूर्ण गोळी घेऊ लागली, रोज सकाळी, लीलाबाईसमोर, जीभ वर करून. पेशी कमी झाल्या, तोंड आलं, रेश्माला फोन गेले, आणि लिव्हरवरचा डाग एका जागी बसला. परेडमधून दाजींची बढती होऊन ते फक्त पाण्याचे झाले. प्रियंकाचं लग्न झालं. पाव्हण्यांना काही कळलं नाही. आक्का मांडवात बसून होती आणि जेवायला आलेल्या रेश्मानं तिच्या ताटातली हिरवी मिरची उचलून माझ्या ताटात टाकली.

सव्वा वर्षानं गोळी चालेनाशी झाली. सलाईन लावलं, तेही थोडे दिवस चाललं. गेल्या भाद्रपदात आक्का गेली. लीलाबाई ठणठणीत आहे, आणि त्या गोळ्यांनीच आपला कॅन्सर गेला असं ती अजून सगळ्यांना सांगते.